रशीदा कागदी यांचा अर्ज

आमच्या संस्थेचं नाव 'सर्वांची वाट'. हे ऐकल्यावर पुण्यातला माणूस काय म्हणतो ते तुम्हालाही सुचलं असेलच. सतरा वर्षांत मी ते दोनशेच्या वर वेळा ऐकलं, आणि दर वेळी म्हणणाऱ्याला वाटत होतं की हे पहिल्यांदा आपल्यालाच सुचलं.

काम तसं सरळ आहे. फुटपाथ, बसथांबे, बागांची फाटकं या गोष्टी पंचविशीतल्या धडधाकट पुरुषाच्या मापाने बांधल्या जातात. त्या म्हाताऱ्यांना, कुबडीवर चालणाऱ्यांना, चाकाच्या खुर्चीतल्यांना, न दिसणाऱ्यांना आणि कडेवर पोर असलेल्या बाईलाही वापरता याव्यात, असे आराखडे आम्ही करून देतो. बांधणारे त्यातलं निम्मं बांधतात. उरलेल्या निम्म्यासाठी आम्ही पत्रव्यवहार करतो.

संस्था काढली रशीदा कागदी यांनी. जन्म कसब्यातला. आर्किटेक्ट झाल्या, काही वर्षं लोकांचे बंगले काढले. मग त्यांची आई जिन्याच्या भीतीने तीन वर्षं माडीवरून खाली उतरली नाही, तेव्हा बंगले सोडले. मी पहिल्या वर्षापासून त्यांच्याकडे आहे. माझं पद कार्यालय व्यवस्थापक. म्हणजे जे काम कुणाचंच नाही ते माझं.

मॅडमनी पुष्कळ गोष्टी केल्या, पण माझ्या मते त्यांच्या जमेच्या बाजूला खरी मोठी रक्कम एकच, ती म्हणजे चालकरी. आराखड्याआधी एकदा आणि बांधकामानंतर एकदा, त्या रस्त्यावरून चार माणसं जातात. ती जिथे अडतात तिथे मी मागून वहीत लिहितो: जागा, वेळ, कोण, कशाने. त्याला आम्ही 'थांबा' म्हणतो. अशा एका फेरीला 'चाल' म्हणतो, आणि या चौघांना चालकरी. त्यातल्या एकाला चालता येत नाही ही गोष्ट वेगळी. तो हुसेन. शनिवार पेठेत मोबाइल दुरुस्त करतो, खुर्चीत असतो. दुसरा श्याम, बँकेत टेलिफोन ऑपरेटर होता, पांढरी काठी. तिसरे दत्तोबा, जुन्या कोथरूड गावठाणातले, वय ऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. चौथ्या सोजरबाई. त्या कसब्यात फॉल-पिको करतात, लहानपणी पोलिओ झाला, डाव्या काखेत कुबडी. चौघांत मुख्य कुणी नाही असं संस्थेच्या घटनेत लिहिलंय. सोजरबाईंनी ती घटना वाचलेली नाही.

मॅडमनी चालकऱ्यांसाठी नियम केले होते ते असे. आराखडा आधी बघायचा नाही. कुठे अडलं तेवढंच सांगायचं. का अडलं आणि काय करायला हवं ते सांगायचं नाही, कारण ते सांगायला लागलं की माणूस अडायचा थांबतो आणि इंजिनिअर होतो. आणि नवीन चालकरी घ्यायचा तर त्याच्या तीन चाली बघून जुन्या चौघांनी एकमताने ठरवायचं, त्यात संचालकांना मत नाही. हा शेवटचा नियम एका विश्वस्तांचा भाचा पाय मुरगळलेला असताना प्रमाणपत्रासाठी चालकरी व्हायला आला, त्या वर्षी झाला. भाच्याचा पाय बारा दिवसांत बरा झाला. नियम राहिला.

यंदा मॅडमना साठ वर्षं पूर्ण झाली. गुडघ्यांनी दोन वर्षं आधीच राजीनामा दिला होता. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं त्या टाळत होत्या, हातात काठी आली. जानेवारीत त्यांनी जाहीर केलं की मार्चअखेर संचालकपद सोडणार. त्यांच्या जागी मैना सातव. वय चौतीस, संस्थेत नऊ वर्षं. घर वाघोलीच्या पलीकडच्या गावातलं. नाव आजीचं ठेवलेलं आणि डोकंही बहुधा तिचंच, कारण कुठल्याही बैठकीत ती शेवटी बोलते.

पुण्यात संस्था सोडणारी माणसं मी भरपूर पाहिलीत. बहुतेक जण दारातून बाहेर पडतात आणि सल्लागार म्हणून खिडकीतून आत येतात. मॅडमनी तसं काही केलं नाही. त्यांनी रीतसर अर्ज केला, तोही साध्या कागदावर: गुडघेदुखीमुळे पात्र आहे, मला चालकरी करून घ्यावं.

"सतरा वर्षं टेबलाच्या या बाजूला बसले, मच्छिंद्रराव," मला म्हणाल्या, "आता त्या बाजूला बसून बघायचंय."

"आणि घरी?"

"घरी काय आहे?"

प्रश्न बरोबर होता. कोथरूडच्या सोसायटीत त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. तिथे त्या फक्त झोपायला जात. चहापत्ती संपली की मी आठवण करायचो. लग्न नाही, भाऊ सोलापूरला. चालकरी झाल्या नाहीत तर एक एप्रिलला सकाळी साडेनऊला त्यांना जायला जागा नव्हती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती, चहापत्ती मीच आणत होतो.

आमचे अध्यक्ष सर्जेराव बांधकाम व्यावसायिक आहेत. दिलदार माणूस. त्यांच्या स्वतःच्या प्रत्येक इमारतीला पुढे तीन पायऱ्या असतात, हे मी फक्त नोंद म्हणून सांगतो. निरोप समारंभाच्या पत्रिका त्यांनी स्वतः छापून आणल्या. त्यात होतं: 'रशीदा कागदी संचालकपदावरून निवृत्त होत असून यापुढे चालकरी म्हणून संस्थेस मार्गदर्शन करतील.'

सोजरबाईंनी पत्रिका दोनदा वाचली.

"मार्गदर्शन कोण करणार?"

"मॅडम," मी म्हणालो.

"चालकरी मार्गदर्शन करतो होय? मला आजवर कुणी सांगितलं नाही. आणि तीन चाली कधी झाल्या?"

"सोजरबाई, ती औपचारिकता आहे."

"माझ्या वेळेला पण होती का?"

नव्हती. मीच वही घेऊन त्यांच्या मागे फिरलो होतो, फेब्रुवारीतल्या उन्हात, तीन आठवडे. मी मॅडमना सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. तारखा लावा." चेहरा मात्र असा, की घरच्याच माणसाने दारात ओळखपत्र मागितलंय.

पहिली चाल कोथरूडमधल्या एका रस्त्यावर. आठ वर्षांपूर्वी आमच्याच आराखड्याने झालेला फुटपाथ, आता बराच उखडलेला. अंतर नऊशे मीटर. मॅडम आणि दत्तोबा एकदमच निघाले, कारण दोघांचं दुखणं एकच. बाकीचे मागून, मी सगळ्यात मागे. दत्तोबा दर पंधरा-वीस पावलांनी अडत होते: फरशी हलते, झाकण वर आलंय, उतार निसरडा. त्यांचे एकोणीस थांबे झाले. मॅडमचे चार.

मला आधी वाटलं, मॅडम दुखणं लपवताहेत. मग नीट पाहिलं. हलणारी फरशी यायच्या दोन पावलं आधीच त्यांची काठी डावीकडे जायची. झाकण दिसायच्या आत त्या कडेला झालेल्या असायच्या. खाली बघतही नव्हत्या. दत्तोबांच्याही ते लक्षात आलं.

"बाई, तुमचं गुडघं माझ्यापरीस बरं हाय की वो."

"नाही हो दत्तोबा, फार दुखतंय."

"मग आडत का न्हाई?"

मॅडम थांबल्या. "इथे खालून पाण्याची जुनी लाइन गेलीय," त्या म्हणाल्या, "म्हणून इथली फरशी बसणारच नव्हती, ते मला माहीत होतं."

संपल्यावर सगळे उसाच्या रसाच्या दुकानापाशी टेकलो. सोजरबाई म्हणाल्या, "ताई, आज तुम्ही सात वेळा 'म्हणून' म्हणालात. मी मोजलं."

"आठ," मी म्हणालो, कारण आकडा चुकीचा राहिला की मला चैन पडत नाही.

मॅडम हसल्या. "सवय आहे. जाईल."

"तोंडाची जाईल," सोजरबाई म्हणाल्या. "पायाची कशी जाणार? हा रस्ता तुमच्या पायाला पाठ आहे."

दुसरी चाल शनिवार पेठेत, सकाळी दुकानं उघडायच्या आत. मॅडमनी रात्रभर स्वतःला बजावलं असावं, कारण पहिल्या पाचशे मीटरमध्ये एकदाही 'म्हणून' आलं नाही. खाली बघून, हळूहळू, शिकाऊ माणसासारख्या चालत होत्या. तीन प्रामाणिक थांबे झाले. हुसेनची खुर्ची त्यांच्या पुढे होती. कोपऱ्यावर फुटपाथ संपतो तिथे हुसेन थांबला, कारण पुढे वीतभर उंचीची सरळ कड होती. मागून मॅडम आल्या, त्याला बाजूने ओलांडून त्यांनी पाय पुढे टाकला. निवांतपणे टाकला, खाली जमीन असल्यासारखा. जमीन एक वीत खाली होती.

हुसेनने त्यांचा दंड धरला म्हणून नुसतं तळहातावर निभावलं.

"आपा, कुठे निघालात? कड दिसली नाही?"

"उतार," मॅडम म्हणाल्या. त्या तळहाताकडे बघत होत्या. "इथे उतार आहे. एकास बारा."

"कुठे?"

दोन हजार बारा सालच्या आमच्या आराखड्यात त्या कोपऱ्यावर उतार होता, एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा. मंजूरही झाला होता. ठेकेदाराने तो केलाच नाही, आणि त्यावरची पत्रं माझ्या फायलीत आहेत, एकूण नऊ. मॅडमचा पाय आराखड्यावर चालत होता, रस्त्यावर नव्हे.

श्यामला दिसत नाही, पण बाकी सगळं समजतं. तो म्हणाला, "मॅडम, मी पंधरा वर्षं काठीने खात्री केल्याशिवाय पाय टाकत नाही. तुम्ही डोळे असून विश्वासावर चाललात. याला काय म्हणायचं?"

"मूर्खपणा," मॅडम म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळे मोकळेपणी हसले. मी वहीत लिहिलं: थांबे तीन, पडझड एक, कारण: नसलेला उतार.

आता राहिली एक. मॅडमनीच मला सांगितलं, "मी कधी आराखडा केला नाही असा रस्ता शोधा." सोपं वाटतं. मी दोन दिवस वह्या चाळल्या. पेठांमध्ये एक गल्ली सापडेना. कोथरूड, डेक्कन, हडपसर, सगळीकडे कुठे ना कुठे त्यांची पेन्सिल फिरलेली. शेवटी मैनाच म्हणाली, "आमच्या गावाचा रस्ता घ्या. नुकताच सिटीत आलाय. तिथे काहीच नाहीये, आणि पुढच्या वर्षी मला तिथलाच प्लॅन करायचाय."

हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती, मॅडमकडे नाही. मी मनात नोंद करून ठेवली.

तिसऱ्या चालीला मैनाही आली. संचालकांनी चाल बघावी असा प्रघात आहे, बोलायचं नसतं. रस्ता म्हणजे एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींची पत्र्याची कुंपणं, मधून डंपर. फुटपाथ नाहीच. आणि इथे, कबूल करायला हवं, मॅडम खऱ्या अर्थाने चालल्या. पाठ असलेलं काही नव्हतं. खडीवर काठी घसरली, गटाराच्या फरशीवर पाय टाकायला धजल्या नाहीत, डंपर आला तेव्हा कुंपणाला चिकटून उभ्या राहिल्या. अर्ध्या वाटेत एका दगडावर बसल्या आणि कळ ओसरेपर्यंत उठल्या नाहीत. बावीस थांबे. दत्तोबांचे चोवीस. दत्तोबा खूश.

"आता आली बाई आपल्यात," ते म्हणाले.

तिथेच संपलं असतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण शेवटी देवळाच्या पारावर चहा आला आणि मैनाने सहज विचारलं, "मॅडम, फार त्रास झाला का?"

मॅडम बोलायला लागल्या. त्रास किती झाला ते एका वाक्यात सांगितलं. मग गटार झाकून त्यावरूनच फुटपाथ कसा काढता येईल, कुंपणवाल्यांकडून दीड मीटर कसा सोडवून घ्यायचा, डंपरना वेळ कशी बांधून द्यायची, पारापासून शाळेपर्यंत कडेने बसायला कट्टे कुठे, किती उंचीचे. काठीने मातीत रेघा काढल्या. एकूण एक मुद्दा बरोबर होता. मी घड्याळ पाहिलं, चौदा मिनिटं. मैनाने सुरुवातीला वही उघडली होती. तिसऱ्या मिनिटाला ती लिहायची थांबली. सातव्या मिनिटाला तिने वही मिटली आणि कपाळावरचा घाम पुसत "हो मॅडम, राइट मॅडम" सुरू केलं.

सोजरबाई चहा पीत मैनाकडेच बघत होत्या.

चौघांची बैठक दुसऱ्या दिवशी ऑफिसात झाली. मी लिहायला होतो. मॅडम बाहेरच्या खोलीत, पुस्तकांची खोकी बांधत. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं. आमच्याकडची दारं हलकी असतात, खुर्चीवाल्यांसाठी.

दत्तोबा म्हणाले, घ्या. हुसेन म्हणाला, आपांना नाही म्हणायला माझं तोंड नाही. श्याम म्हणाला, दोन नापास, एक पास. पण पास झालेली चाल खरी होती, घ्यावं. सोजरबाईंनी कुबडी भिंतीला टेकवली.

"नाही," त्या म्हणाल्या.

"अगं, सतरा वर्षं..." दत्तोबा म्हणाले.

"तेच. दत्तोबा, सून घरात आल्यावर सासू वेगळी राहायला गेली, सगळ्यांनी कौतुक केलं. आणि रोज सकाळी भाजी निवडायला परत आली, तर ती गेली कुठे?"

"त्या काही सासू नाहीत," हुसेन म्हणाला.

"वाईट सासू असती तर मैना भांडली असती. चांगलीशी कशी भांडणार? काल पारावर त्या पोरीने वही मिटली. तिच्या गावचा रस्ता, तिचा पहिला प्लॅन, आणि तो चौदा मिनिटांत होऊन गेला."

"म्हणजे मॅडमनी काय करायचं?" श्यामने विचारलं.

"ते मी सांगायचं नसतं. नियम आहे. कुठे अडलं तेवढं सांगितलं."

बाहेर चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत होता, तो थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

एकमत नाही, अर्ज नामंजूर. मी बाहेर जाऊन सांगायच्या आत मॅडम म्हणाल्या, "ऐकलं. पत्रिका किती गेल्यात?"

"चाळीस. एकशे साठ शिल्लक आहेत."

"आणा."

आम्ही दोघांनी बसून एकशे साठ पत्रिकांवरची ती ओळ काळ्या पेनने खोडली. ऐंशी त्यांनी, ऐंशी मी. त्यांच्या रेघा सरळ होत्या.

सर्जेराव संध्याकाळी धावत आले. त्यांना तोड सापडली होती. त्यांनी मला बाजूला घेतलं, पण त्यांचा आवाज बाजूला घेण्यासारखा नाही.

"आवो मच्छिंद्रराव, निकालावर संचालकाची सही लागती का न्हाई?"

"लागते."

"मग बाईंनी करूच नये. परवा एक तारीख. मैना संचालक. तिनं फेरविचाराला पाठवायचं. एकदा पाठवता येतं, घटनेत हाय. आन् ती सोजरबाई, तिच्याशी मी बोलतो."

हे बरोबर होतं. घटनेत होतं, मीच टाइप केलेलं. मैना खोलीत होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, मी पाठवीन. हंड्रेड पर्सेंट." तिने ते मनापासून म्हटलं. तिच्या आवाजात भीती होती, तीही तेवढीच खरी होती. मॅडमनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटतं, पारावरची मिटलेली वही त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसली.

"तू तुझ्या रस्त्याचं काय ठरवलंयस?" त्यांनी विचारलं.

"अजून काही नाही. तुम्ही काल सांगितलंत ते सगळं..."

"ते सोड. तुला काय वाटतं?"

मैना म्हणाली, "मला वाटतं, गटार झाकू नये. गावातल्या बायका तिथल्या कडेवर संध्याकाळी बसतात. घाण आहे, पण बसतात. आधी ते बघायला हवं."

मॅडमनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे उत्तर होतं, ते मला दिसत होतं; निदान चार मिनिटांचं. त्यांनी ते गिळलं आणि माझ्याकडे हात केला.

"मच्छिंद्रराव, वही."

"बाई, घाई करू नका," सर्जेराव म्हणाले.

"घाई कसली, साहेब. उद्यापर्यंत पगार घेतेय."

मी वही पुढे ठेवली. त्या आख्खी नोंद वाचल्याशिवाय सही करत नाहीत. सतरा वर्षांत कधी केली नाही. पहिली चाल, थांबे चार. दुसरी चाल, थांबे तीन, पडझड एक. तिसरी चाल, थांबे बावीस. खाली मत, तीन होकार, एक नकार. त्यांचं बोट पहिल्या ओळीवर परत गेलं.

"हे चार नाहीत, पाच आहेत. बसथांब्याजवळ पण मी अडले होते."

मी माझे कच्चे कागद काढून बघितले. नऊ वाजून बावीस मिनिटं, बसथांबा.

"तिथे तुम्ही फोन घ्यायला थांबला होतात, मॅडम."

त्यांनी आठवून पाहिलं.

"कुणाचा होता?"

"सर्जेरावांचा. पत्रिका कशा झाल्यात ते विचारत होते."

"मग चारच राहू द्या," त्या म्हणाल्या, सही केली आणि खाली तारीख घातली.